आधी विचारा, मग खाली घ्या

विट्यात डॉक्टर नाथाजी बाबरांचा दवाखाना झाल्यापासून माणसं फार दिवस आजारी पडेनाशी झाली. औषधाला गुण होता, नाही असं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. बाबर डॉक्टर मरणाचा कायदा करायला निघालाय, ही बातमी पंचक्रोशीत पोचली होती, आणि गावोगावच्या लोकांनी तिच्यात पदरचं घातलं होतं. कुणी म्हणे, पंधरा दिवसांच्या वर खाट धरली की डॉक्टर कागद पुढं करतो. कुणी म्हणे, कागदावर अंगठा उठवला की सरकारची माणसं येऊन घेऊन जातात. त्यामुळं बाराव्या-तेराव्या दिवशी तापानं फणफणलेला गडीसुद्धा घोंगडं झटकून उठायचा, "मला बरं वाटतंय, लय बरं वाटतंय," म्हणायचा आणि भिंत धरत धरत का होईना, रानाची वाट धरायचा.

"तुमचा कायदा आपल्या लाल औषधापरास भारी हाय," कंपाउंडर कोंडीबा बाटलीवर कागदाची खूण चिकटवता चिकटवता म्हणायचा. "त्योच बाटलीत भरून देऊ या का?"

डॉक्टर चिडायचे नाहीत. अंगानं काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, नाकावर घसरणारा चष्मा. चिडले तरी चष्मा वर सारण्यात निम्मा राग निघून जायचा.

बरं, हे खूळ त्यांच्या डोक्यात काही विट्याच्या हवेनं शिरलं नव्हतं. बाप पलटणीत होता, म्हणून पोरगा डॉक्टरकी शिकला तरी पलटणीतच गेला. लढाई पेटली तसा इराकात बसऱ्याच्या लष्करी दवाखान्यात जाऊन पडला. तिथं पाटण खोऱ्यातला एक हवालदार आला. तेलाची टाकी पेटून मानेपासून पायापर्यंत भाजलेला. जगणार नाही हे त्यालाही कळत होतं, डॉक्टरलाही. रोज सकाळी तो म्हणायचा, "डाक्टर, मला मोकळं करा." आणि डॉक्टर रोज सकाळी म्हणायचे, "बरा होशील रं, धीर धर." अकरा दिवस असं चाललं. बाराव्या दिवशी हवालदार म्हणाला, "गाववाल्याशी एवढं खोटं बोलू नये." आणि गेला.

तेवढं एक वाक्य घेऊन बाबर डॉक्टर त्रेचाळीस साली कावीळ होऊन घरी परत आले. कावीळ उतरली, वाक्य उतरलं नाही. ज्याचा रोग बरा होणार नाही, ज्याच्या वेदनेला उतार नाही, आणि जो शहाणपण शाबूत ठेवून स्वतःच्या तोंडानं मागतो, त्याला सुखानं जायची वाट कायद्यानं द्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी सहा कलमं लिहून काढली. दोन डॉक्टरांनी तपासावं, वारसाची सही चालू नये, महिनाभर थांबून पुन्हा विचारावं, मन फिरलं तर कागद तिथंच फाडावा, असलं सगळं त्यात नीट घोटून घातलेलं. शेवटी एक अर्जही जोडला, रकाने पाडलेला.

आता अर्ज द्यायचा कुणाला? तेव्हा आपल्या भागात सरकारं तीन. साताऱ्याला इंग्रजाचं, सांगलीला संस्थानाचं, आणि उसाच्या फडात भूमिगतांचं. डॉक्टर कुणाला नाराज करणारे नव्हते. त्यांनी तिन्हीकडं एकेक प्रत धाडली.

संस्थानाकडून कागद पोचल्याची पावती आली; वळणदार अक्षर, खाली मोठा शिक्का, बाकी काही नाही. इंग्रजाच्या कुठल्याशा कचेरीत कारकुनानं "असह्य वेदनेतून मुक्ती" एवढंच वाचलं असावं, कारण दोन महिन्यांनी विचारणा आली की सदर जनावर बैल आहे की घोडा, आणि त्याचं वय काय. भूमिगतांचं उत्तर तेवढं तोंडी आलं. दोन तरणे गडी भर दुपारी दवाखान्यात आले, एकानं पाठीवरचं करट कापून घेतलं, आणि सदरा घालता घालता म्हणाला, "तुमचा कागद वरपर्यंत पोचला. आधी इंग्रजाला जाऊ द्या म्हनाल्यात. मग म्हाताऱ्यांचं बघू."

"इंग्रज सोताहून अर्ज करंल काय?" कोंडीबानं विचारलं.

"त्याच्या अर्जाची वाट कोन बघतंय," म्हणून गडी मागच्या दारानं गेले.

डॉक्टरांची बायको चंद्राबाई हे सगळं चुलीपुढून ऐकायची. ती म्हणायची, "हळदीकुंकवाला बाया विचारत्यात, तुमचे मालक कशाची खटपट करत्यात? कुनाचा हिरीसाठी अर्ज, कुनाचा शाळंसाठी. मी काय सांगू? मरनाच्या परवानगीसाठी म्हनू?"

"म्हण की. खोटं हाय का?"

"म्हनलं एकदा. तवापासनं माझ्या हातचा तिळगूळसुदिक बाया आधी हुंगून बघत्यात."

सोमवारच्या बाजारात डॉक्टर लिंबाच्या पारावर उभे राहून बोलायचे. आधी देवी टोचण्यावर, मग हळूच आपल्या विषयावर. गर्दी जमायची, कारण फुकट होतं. एकदा कुणी ओरडून म्हणालं, "मरन देवाच्या हातात हाय, तुमी कोन मधी?" डॉक्टर म्हणाले, "साधूनं जिती समाधी घेतली की तिथं तुमी जत्रा भरवता, नारळ फोडता. आणि अंगात किडे पडलेला गरीब माणूस वाट मागतो, तेवढंच पाप व्हय?" मग एक धनगर म्हातारा शांतपणे म्हणाला, "पटतंय. पर डाक्टर, तुमी एक तरी म्हातारं इचारून बघितलंया का?"

हवालदाराचं सांगावं तर तो म्हातारा नव्हता, आणि त्याला त्यांनी विचारलंही नव्हतं. तोच विचारत होता. त्यांनी चष्मा वर सारला आणि पुन्हा देवी टोचण्याकडं वळले.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात बोरमळ्याच्या अंबूबाईचा निरोप आला. निरोप आणणारा तिचा धाकटा लेक जोतीराम. दारात उभा राहून पागोट्याचा शेव चाळवत म्हणाला, "आई म्हन्ती, डाक्टरास्नी सांग, कागद घिऊन या."

कोंडीबाच्या हातातला बत्ता थांबला. तीन वर्षांत कागद मागून घेणारं हे पहिलं गिऱ्हाईक.

अंबूबाईला डॉक्टर ओळखत होते. पोटात गाठ होती. मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं की चिरून उपयोग नाही, घरी न्या, जपा. त्याला आठ महिने झाले होते. पण अंबूबाईचं नाव तालुक्यात झालं होतं ते दुसऱ्याच कारणानं. तिला आतापर्यंत तीन वेळा खाली घेऊन झालं होतं.

आपल्याकडं माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून उतरवून सारवलेल्या भुईवर घेतात. खाटेवर जीव गेला तर तो ना धड इथं, ना तिथं, अशी समजूत. सगळीकडं हे शेवटच्या घटकेला करतात. पण अंबूबाईचा थोरला लेक मानसिंग पार कोईमतूरला. विट्याकडच्या कैक माणसांसारखं त्याचंही तिथं सोनं-चांदी गाळायचं दुकान. तिथून घरी यायचं म्हणजे दोन-तीन गाड्या बदलून चार दिवस. म्हणून भावकीतल्या थोरल्या केरबानानांनी हिशेब घातला की म्हातारीला चार दिवस आधीच खाली घ्यावं आणि तार ठोकावी, म्हणजे लेक तोंडात पाणी घालायला वेळेवर पोचंल.

पहिल्यांदा म्हातारीला नुसती भोवळ आली होती. खाली घेतली, तार गेली. चार दिवसांनी मानसिंग रडत रडत आत शिरला तर आई ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. "दुकान कुनावर टाकून आलास रं?" म्हणाली. दुसऱ्यांदा जीव जाईना म्हणून कशात अडकलाय ते बघायला सुरुवात झाली. पुरणपोळी चाटवली, मिसरी लावली. अठरा वर्षं बोलचाल नसलेली जाऊ आणून पुढ्यात बसवली आणि दोघींना रडा म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा केरबानाना म्हणाले, "जीव म्हशीत अडकला आसंल." म्हैस सोडून आणली आणि माजघराच्या उंबऱ्यात उभी केली. म्हैस रेकली तशी अंबूबाईनं डोळे उघडले, म्हणाली, "हिला पानी दावलंया का कुनी?" आणि उठून बसली.

लोक हे सांगून हसायचे. डॉक्टरही हसले होते.

सायकलच्या पाठीमागं बॅग बांधून ते बोरमळ्याला पोचले तेव्हा उन्हं चांगली चढली होती. मानसिंग घरीच होता. तिसऱ्या तारेला आलेला तो, परत जायचा धीर होईना म्हणून राहिलेला. केरबानाना ओसरीवर चुना-तंबाखू मळत होते. सून राहीबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

अंबूबाई खाटेवर होती. हाडाचा सापळा, पण डोळे असे की समोरच्याच्या सदऱ्याची तुटलेली गुंडी मोजून घेतील.

"आनलाय का कागद?" तिनं विचारलं.

"आणलाय, मावशी. पण आधी एक सांगतो. हा कायदा अजून झाल्याला न्हाई. मी मागतोय, सरकार देत न्हाई. तवर मला ह्यातलं काही करता येत न्हाई. करणार बी न्हाई."

अंबूबाई म्हणाली, "म्हंजे बाजारात उभं ऱ्हाऊन हिरीचं पानी लय ग्वाड हाय म्हनून सांगायचं, आन् हीर अजून खनलीच न्हाई."

"तसंच म्हणा."

"मग आलासा कशाला एवढ्या उन्हाचं?"

डॉक्टरांनी खाली मान घातली. बसऱ्यातल्या अकरा दिवसांत त्यांना जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी या खाटेपाशी वाटली. पण निदान या वेळी खोटं बोललो नाही, एवढं त्यांच्या मनात आलं.

म्हातारीलाच त्यांची दया आली असावी. "बरं, भरा तरी. माझ्या नावाचा एक कागूद सरकारदरबारी पडू द्या. उंद्या दुसऱ्या कुनाच्या तरी कामाला यील."

डॉक्टरांनी दौत-टाक काढला. पहिल्या रकान्यात नाव घातलं. दुसरा रकाना वाचला, "आपल्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"हाय की. सोळा वरसं सासूचा, चाळीस वरसं मालकाचा, आन् आता ह्या केरबाचा."

"वैनी, मी काय केलं?" ओसरीवरून केरबानाना म्हणाले.

"मागनं सांगते. फुडं वाचा, डाक्टर."

"सर्वांत मोठी वेदना कोणती? इथं पोटातली गाठ लिहितो."

"गाठ नगा लिहू. खाली घेत्यात, ती लिवा."

डॉक्टरांचा टाक अधांतरी राहिला.

"गाठ दुखती, व्हय, लय दुखती. पर ती माझी हाय," अंबूबाई म्हणाली. मधेमधे थांबून श्वास घेत होती, पण शब्द गाळत नव्हती. "मला खाली घेत्यात तवा मी शुद्धीत आसते, बाबा. तिनी टायमाला हुते. समदं ऐकाय येतं. दागिनं कुनाला, म्हस कुनाला. ज्या जावंचं मी त्वांड बघत न्हवते ती माझ्या उरावर पडून रडती, आन् मला हलाय येत न्हाई. त्वांडात कोन पानी घालतंय, कोन मिसरी. पन्नास मान्सं येऊन बघून जात्यात. जीव कशात अडकलाय म्हनून म्हशीला इचारलं, मला कुनी इचारलं न्हाई. त्यापरास म्हनलं, डाक्टरचा कागूद बरा. एकदाच काय ते."

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. रडत होती का हसू दाबत होती, कळेना.

डॉक्टरांनी अर्ज उलटून पालटून बघितला. सहा कलमं, अकरा रकाने. मरण हवं का, ते दहा तऱ्हांनी विचारलेलं. तोवर तुला काय हवंय, हे एकाही रकान्यात नव्हतं. धनगर म्हाताऱ्यानं पारापाशी बोट ठेवलं ते नेमकं इथं. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"तुमास्नी काय पायजे, मावशी?"

"आता कसं इचारलंसा," अंबूबाई म्हणाली. "दुखनं वाईच दबंल आसं काय तरी द्या. आन् ह्यास्नी सांगा, मी म्हनल्याबिगार मला खाली घ्यायचं न्हाई. मला कळतंय. येळ आली की मीच सांगन."

पहिली गोष्ट डॉक्टरांच्या हातातली होती. त्यांनी औषध दिलं, दिवसाआड येऊन स्वतः देईन म्हणाले. दुसरीसाठी त्यांनी आपल्या छापील कागदावर ठळक अक्षरात लिहिलं: रुग्णास तिने स्वतः सांगितल्याशिवाय खाटेवरून खाली घेऊ नये. खाली सही, तारीख, दवाखान्याचा शिक्का.

केरबानाना कागद हातात घेऊन उठले. वाचता येत नव्हतं, पण शिक्का बघितला. "आन् खाटंवरच गेली म्हंजे? घराला दोष लागंल. पोरांस्नी लागंल. त्यो तुमी घेनार का?"

"घेतो," डॉक्टर म्हणाले. "लिहून देऊ?"

"तसला दोष कागदावर येत न्हाई," केरबानाना म्हणाले, पण कागद मानसिंगनं काढून घेतला आणि आढ्याच्या खुंटीला टांगला.

पुढचे दीड महिने डॉक्टरांची सायकल बोरमळ्याच्या वाटेवर दिसायची. औषधानं दुखणं पुष्कळ दबलं. अंबूबाईला भूक लागत नव्हती, पण बोलायची हौस आली होती. तिनं डॉक्टरांच्या कायद्यात लक्ष घातलं. महिनाभर थांबायचं कलम तिला पटलं नाही. "महिन्यात सुनंचं मन दहादा बदलतं, आन् तुमी मानसाला एकदाच इचारनार?" वारसाची सही नको, हे तिला फार आवडलं. लेकांकडं बघत तिनं ते दोनदा वाचून घेतलं. जावेला तिनं आपणहून बोलावलं, आणि खाटेवर उठून बसून अठरा वर्षांचं भांडण रीतसर पुरं केलं. दोघींचे आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत गेले. संध्याकाळी जाऊ जेवूनच गेली.

आषाढ लागायच्या सुमारास एका दुपारी जोतीराम घोडं दामटत दवाखान्यात आला. डॉक्टर पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. आत राहीबाईनं भुई सारवून ठेवली होती. अंबूबाईचा श्वास लांब लांब पडत होता. केरबानाना खाटेच्या एका अंगाला, मानसिंग दुसऱ्या अंगाला. मानसिंग आईच्या पाठीखाली हात घालून उभा होता.

"डाक्टर, डोळं फिरल्यात तिचं," केरबानाना म्हणाले. "कागूद कागदाच्या जागी. आता सांगायला तिला त्वांड कुठं हाय? खाटंवर गेली तर जल्मभर ह्या पोराच्या मनाला लागंल."

डॉक्टरांनी नाडी बघितली. हाताला लागत होती, नव्हती. केरबानानांचं म्हणणं खोटं नव्हतं. मानसिंगचा चेहरा बघवत नव्हता, आणि अंगणातली पन्नास माणसं डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होती. तीनही सरकारांपुढं जे कधी झालं नव्हतं ते झालं. त्यांचं कलम कुणीतरी त्यांच्याच हातात दिलं होतं, आणि आता ते पाळायचं की नाही ते त्यांनाच ठरवायचं होतं.

ते खाटेपाशी वाकले. "मानसिंग, विचार तिला."

"तिला ऐकाय येतंय?"

"तिनी टायमाला आलं होतं. आता बी यील."

मानसिंग आईच्या कानाशी गेला. "आई, खाली घ्यायचं का?"

काही नाही. लांब श्वास. केरबानानांनी पुढं हात केला. डॉक्टरांनी तो हात धरला, सोडला नाही. म्हातारा माणूस, भावकीतला थोरला, पण धरला. अंगणात कुजबुज झाली.

"आई, खाली घ्यायचं का गं?" मानसिंगनं पुन्हा विचारलं.

अंबूबाईची मान किंचित हलली. नाही म्हणाली. मग कितीतरी वेळ नुसताच श्वास. माणसं उभी राहून अवघडली, बसली. बाहेर कुणी चिलीम पेटवली. राहीबाई दारात येऊन बसली. डॉक्टर नाडी धरून होते आणि मनात म्हणत होते की आता ही बया खाटेवरच गेली तर मला विट्यात तोंड दाखवायला जागा नाही. आणि गेली तरी चालेल, पण तिच्या मनानं जाऊ दे.

उन्हं कलायला लागली तसे तिचे ओठ हलले. मानसिंगनं कान लावला. मग तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता घ्या म्हन्ती."

त्यानं एका अंगानं धरलं, केरबानानांनी दुसऱ्या. पाय जोतीरामनं. भुईला पाठ टेकल्यावर अंबूबाईनं तळहातानं सारवण चाचपलं. "कोपऱ्यात राहिलंय," म्हणाली. राहीबाई "व्हय आत्ती" म्हणत शेणाचा गोळा घेऊन धावली. तिचं सारवून होईपर्यंत म्हातारी गेली होती. लेकाच्या हातचं पाणी ओठाला लागलं होतं.

पुढं सत्तेचाळीस साली डॉक्टरांनी मसुदा नव्यानं लिहून दिल्लीला धाडला. तिथून उत्तर आलं की देशाची घटना व्हायची आहे, धीर धरावा. ते धीर धरणारे नव्हते. दर वर्षी एक प्रत जातच राहिली. पारावरचं बोलणंही चालू राहिलं. फक्त आता ते बोलायच्या आधी समोरच्या म्हाताऱ्यांना विचारत, आणि म्हातारे एकदा सुरू झाले की डॉक्टरांच्या भाषणाला वेळच उरत नसे.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. अंबूबाईच्या तेराव्यानंतर आठ दिवसांनी केरबानाना दवाखान्यात आले. बाकावर बसले, तंबाखू मळली. कोंडीबानं विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, "कुठं काय. लोखंडासारखा हाय."

मग डॉक्टरांकडं न बघता म्हणाले, "त्यो शिक्क्याचा कागूद. मला बी एक लिवा."

"काय लिहू? तुमी सांगितल्याबिगार खाली घेऊ नये?"

"न्हाई. मला खाली घेऊच नये. मला कंबरंचा तरास हाय, भुईवर झोप लागत न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा वर सारला. "नाना, आणि तो दोष?"

"त्याचं मी वर गेल्याव बघतो. तुमी लिवा." डॉक्टर लिहायला लागले तसे केरबानाना खुर्चीमागं येऊन वाकून बघायला लागले. "जरा मोठं काढा. थोरलं पोरगं वाचनात कच्चं हाय. आन् शिक्का दोन ठिकानी मारा."

डॉक्टरांनी दोन ठिकाणी शिक्का मारला.